जुने, फेरफार केलेले रॉक गिटार अँप्लिफायर : त्यांच्या नादाचे मर्म कशात आहे?

खर्जातला गांधार (धागाकर्ता)

जुन्या व्हॉल्व्ह (निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) अँप्लिफायरांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एका तटाला कारखान्यातून जसा बाहेर पडला तसाच राहिलेला अँप पवित्र वाटतो, तर दुसऱ्याला त्याच अँपमध्ये एखाद्या हिकमती कारागिराने घातलेली जादा गेन स्टेज (गिटारचा सिग्नल आणखी वाढवणारा टप्पा) हवी असते. माझ्या मते हा वाद चुकीच्या पायावर उभा आहे, कारण ज्या नादाला आपण ‘मूळ’ म्हणतो तो स्वतःच एका फेरफाराचा परिणाम आहे. शिवाय गेन कुणालाही वाढवता येतो. सर्किटमध्ये नेमके कुठे आणि काय कमी करायचे हे ज्याला कळते त्याचाच फेरफार कानाला पटतो.

1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात जो पहिला मार्शल अँप, म्हणजे जेटीएम45, तयार झाला, त्याचे सर्किट फेंडरच्या बॅसमन 5एफ6-ए या अमेरिकन अँपवरून जवळजवळ जसेच्या तसे उतरवलेले होते. केन ब्रॅन, डडली क्रेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात इंग्लंडात सहज मिळणारे भाग वापरले, आणि तेवढ्यानेच नाद पालटला. बॅसमनमध्ये पहिल्या जागी 12एवाय7 हा बेताच्या गेनचा व्हॉल्व्ह होता; जेटीएम45 मध्ये तिथे ईसीसी83 आला, ज्याचा गुणक सुमारे 100, म्हणजे आधीच्याच्या दुपटीहून अधिक आहे. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणे) बॅसमनमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या 2 ओहमच्या टोकावरून घेतला जाई, तो आता 16 ओहमच्या टोकावरून घेतला जाऊ लागला. मागून उघड्या पेटीतल्या चार 10 इंची स्पीकरांऐवजी चार 12 इंची सेलेस्टियन स्पीकरांची बंद पेटी आली. एवढे बदल झाल्यावर तो बॅसमन उरला नव्हता, आणि तरीही त्याचा आराखडा कागदावर पाहिला तर दोघांची भावंडे म्हणून ओळख पटावी असा होता.

पुढे 1965 मध्ये ‘द हू’ या बँडसाठी 100 वॉटचा अँप निघाला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात केटी66 ऐवजी ईएल34 व्हॉल्व्ह स्थिरावले. ज्याला आपण आज ‘प्लेक्सी’ म्हणतो तो हा काळ. (या 100 वॉटच्या अँपचा मॉडेल क्रमांक 1959; त्याचा त्या सालाशी काहीही संबंध नाही, तो निव्वळ कॅटलॉगमधला आकडा आहे, पण नव्या मंडळींचा इथे हमखास घोळ होतो.)

या 1959 सुपर लीडच्या दोन चॅनलांकडे, म्हणजे गिटारच्या दोन इनपुट-मार्गांकडे, जरा बारकाईने पाहू. साध्या चॅनलच्या पहिल्या ट्रायोडला (व्हॉल्व्हमधल्या वर्धक घटकाला) कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकावर, 820 ओहमचा रेझिस्टर आणि 330 मायक्रोफॅरडचा भलामोठा कपॅसिटर आहे, तर ब्राइट चॅनलला 2.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि केवळ 0.68 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. त्यापुढचा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणारा) एकीकडे 0.022 मायक्रोफॅरडचा, तर दुसरीकडे त्याच्या एक दशांश म्हणजे 0.0022 चा आहे. याचा अर्थ असा की ब्राइट चॅनलमध्ये साधारण 200 हर्ट्झच्या खालचा गेन मुद्दाम उतरवलेला आहे. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर वाजते, म्हणजे तिचा मूळ स्वरच दाबून तिचे वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले स्वर) पुढे आणले जातात. अँप पूर्ण उघडल्यावर जी धार आणि जे स्पष्ट उच्चार ऐकू येतात ते या दोन-तीन स्वस्त भागांचे काम आहे.

हे का करावे लागते? पूर्ण खर्ज घेऊन संदेश (गिटारचा विद्युत सिग्नल) क्लिपिंगमध्ये, म्हणजे लहरीची टोके छाटली जाण्यात, शिरला, तर जाड तारेचे मोठे आंदोलन बारीक तारांच्या स्वरांना गिळून टाकते. त्याहून वाईट गोष्ट पुढे घडते. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीतून) विद्युतप्रवाह वाहू लागला की कपलिंग कपॅसिटर भारित होतो, त्या व्हॉल्व्हचा बायस (सिग्नल नसतानाचा प्रवाह ठरवणारी पातळी) थंडीकडे, म्हणजे कमी प्रवाहाकडे, सरकतो आणि कपॅसिटर रिकामा होईपर्यंत तिथला आवाज अडकून राहतो. 0.022 मायक्रोफॅरड आणि 1 मेगाओहम अशी जोडी असेल तर ही वेळ सुमारे 22 मिलिसेकंदांची असते, 0.0022 केल्यास ती 2.2 वर येते. कानाला हे कसे कळते? जोरात मारलेल्या कॉर्डच्या आरंभी आवाज फसफसतो, क्षणभर दबतो आणि मग उशिरा वर येतो. फसलेल्या फेरफाराची ही सर्वांत ओळखीची खूण आहे, आणि ती असलेले अँप लोक ‘जाडजूड नाद’ म्हणून कौतुकाने वाजवताना मी ऐकले आहेत.

1975 मध्ये खुद्द मार्शलने मास्टर व्हॉल्यूमचे (एकूण आवाजाच्या स्वतंत्र नियंत्रणाचे) 2203 हे मॉडेल काढले, तेव्हा त्यांनी एकही नवा व्हॉल्व्ह घातला नाही. दोन समांतर चॅनलांपैकी एकाचा बळी देऊन त्याचा ट्रायोड दुसऱ्याच्या मागे मालिकेत जोडला आणि त्याच्या कॅथोडवर 10 किलोओहमचा रेझिस्टर बसवला. इतक्या थंड बायसवर तो ट्रायोड लहरीची एक बाजू दुसऱ्या बाजूच्या बऱ्याच आधी कापतो. त्यामुळे दोन अर्ध्या लहरी असमान होतात, सम हार्मोनिक्स वाढतात आणि तो करकरीत, किंचित खडबडीत पोत मिळतो. हाच अँप 1981 पासून जेसीएम800 या नावाने विकला गेला आणि त्या दशकातील जड रॉकचा बराचसा भाग त्यावर वाजला. यातली युक्ती कारखान्याबाहेरच्या कारागिरांच्या युक्तीहून वेगळ्या जातीची नव्हती. फक्त ती कारखान्याच्या शिक्क्यानिशी आली.

आपल्याला कोणता फेरफार खरोखर पटला आणि कोणता केवळ कागदावर आकर्षक वाटला, हे कारणांसह वाचायला आवडेल.

---

जुनी चॅसी

इतिहास मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. कारखान्याने आराखडा बदलणे ही एक गोष्ट, आणि पन्नास वर्षे टिकलेल्या एका विशिष्ट वस्तूच्या पोलादाला भोक पाडणे ही दुसरी गोष्ट आहे. 1973-74 च्या सुमारास मार्शलने हाताने जोडलेल्या टरेट बोर्डाची (धातूच्या खुंट्यांवर भाग जोडलेल्या पट्टीची) जागा छापील सर्किट बोर्डाला दिली. त्याआधीचे जे अँप आहेत तेवढेच आहेत, आणि त्यांतील प्रत्येक बदल हा एका दस्तऐवजावर केलेली खाडाखोड आहे.

अशा अँपची चॅसी (सगळे भाग ज्यावर बसतात तो धातूचा सांगाडा) उलटी करून पाहिली की कारागीर कसा होता हे वाद्य न वाजवताही समजते. चांगल्या हाताने केलेल्या कामात जादा सॉकेटचे भोक गोल आणि घासून गुळगुळीत केलेले असते, ग्रिडकडे जाणारी तार आखूड असते, ती चॅसीला बिलगून जाते आणि हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) पिळलेल्या तारांना काटकोनात ओलांडते. वाईट कामात भोकाच्या कडेला पत्र्याची कुसळे असतात, रेझिस्टर हवेत लोंबकळत असतात, मूळ डाख न काढता त्यावरच नव्या डाखेचा मण्याएवढा गोळा ठेवलेला असतो आणि काढून टाकलेले मूळ भाग कधीच पेटीत ठेवलेले नसतात. माझा राग मुख्यतः या शेवटच्या गोष्टीवर आहे.

उलट दिशेचे एक उदाहरण देतो. 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने घेतली, आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या चंदेरी पट्टीच्या अँपमध्ये पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर 2000 पिकोफॅरडचे कपॅसिटर बसवले जाऊ लागले. तारांची मांडणी ढिसाळ झाल्यामुळे होणारी आंदोलने दाबण्याचा तो उपाय होता. हे कपॅसिटर काढून, तारा नीट बसवून आणि बायसचे सर्किट पूर्ववत करून त्या अँपना आधीच्या काळ्या पट्टीच्या आराखड्यावर नेणे हा सर्वांत प्रचलित फेरफारांपैकी एक आहे. हा बदल मला चालतो, कारण तो परत फिरवता येतो आणि वस्तूला तिच्याच घराण्याकडे नेतो.

---

श्रोता

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या सुरुवातीच्या नादाबद्दल कुणी खात्रीने सांगू शकेल काय? काही जण त्याचा अँप आतून पूर्ण बदललेला होता म्हणतात, काही जण तो अगदी साधा होता म्हणतात, आणि दोन्ही बाजू तितक्याच ठामपणे बोलतात.

---

खर्जातला गांधार

@श्रोता, या विषयावर कागद जितका खर्ची पडला तितका दुसऱ्या कोणत्याच अँपवर पडला नसेल. 1978 च्या पहिल्या अल्बमवरचा मुख्य अँप म्हणजे 1960 च्या दशकातील 100 वॉटचा मार्शल सुपर लीड. त्याच्या देखभालीचे काम लॉस एंजेलिसमधले होझे अरेडोंडो करत असत, आणि अरेडोंडो यांचे फेरफार पुढे प्रसिद्ध झाल्यामुळे लोकांनी दोन गोष्टी जोडून टाकल्या. अरेडोंडो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फेरफारात जादा गेन आणि मास्टर व्हॉल्यूमपाशी झेनर डायोडचे क्लिपिंग असते. त्या पहिल्या अल्बमच्या नादात डायोडची ती सपाट, चेपलेली धार मला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो पूर्ण उघडलेला पॉवर विभाग, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणारा अखेरचा टप्पा.

खरी करामत अँपच्या बाहेर होती. भिंतीतला पुरवठा आणि अँप यांच्या मध्ये व्हॅरिअ‍ॅक हा बदलता ट्रान्सफॉर्मर होता. आरंभीच्या मुलाखतींमुळे व्होल्टेज वाढवल्याची वदंता पसरली आणि ती वाचून कित्येकांनी आपले अँप जाळले. प्रत्यक्षात एडी अमेरिकेतला सुमारे 120 व्होल्टचा पुरवठा 90 च्या आसपास उतरवत असे, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले. पुरवठा तीन चतुर्थांश झाला की पॉवर विभागाची कमाल शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे 100 वॉटचा अँप जेमतेम 56 च्या घरात येतो. तो लवकर दमतो, आघातानंतर व्होल्टेज किंचित खचते आणि स्वर धरून ठेवल्यावर पुन्हा फुलून येतो. बोटांखाली जो लवचीकपणा जाणवतो तो यातून येतो. नादाची सर्वांत गाजलेली युक्ती ही काहीतरी वजा करण्याची होती, आणि माझ्या मूळ मुद्द्याला याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

मात्र अनुकरण करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्हॅरिअ‍ॅकने उच्च व्होल्टेजबरोबर हीटरचे 6.3 व्होल्टही सुमारे 4.7 वर येतात, बायसही सोबत घसरतो, आणि कॅथोड पुरेसा तापत नसताना त्याच्याकडून जोराचे काम करून घेतल्याने व्हॉल्व्ह लवकर थकू शकतात.

---

नादखुळा

वजाबाकीचा मुद्दा पटला आणि त्याला जुळणारे आणखी दाखले आहेत. डॅलस रेंजमास्टर हा 1960 च्या दशकातला ट्रेबल बूस्टर म्हणजे एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि इनपुटवर सुमारे 5 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, बस्स. तो अँपला जोर देतो, पण खर्ज आधीच गाळून देतो. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचा व्हॉक्स एसी30 अँप एवढा रेटला जाऊनही गात राहतो याचे मोठे कारण पुढे लावलेला ट्रेबल बूस्टर हेच आहे. पुढे आलेल्या ट्यूब स्क्रीमर या पेडलचे सर्किट 720 हर्ट्झच्या खाली गेन उतरवत नेते, आणि म्हणूनच आधीच रेटलेल्या मार्शलच्या पुढे तो लावला की नाद घट्ट होतो. एसी30 चा टॉप बूस्ट (तार स्वरांना उठाव देणारा विभाग) हाही आधी मागच्या पट्टीवर मागाहून बसवण्याचा जादा भाग होता आणि नंतर तो कारखान्यातूनच येऊ लागला.

तंबोऱ्याची जवारी काढणारा घोडीवर काही चढवत नाही, तो घासून कमी करत जातो, आणि तारेचे वरचे स्वर आपोआप बोलू लागतात. चांगला अँप कारागीर कपॅसिटरच्या बाबतीत तेच करत असतो.

जोडीला एक दुसरा प्रवाह सांगतो, जो या धाग्यात यायला हवा. रँडल स्मिथ यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टन अँपच्या पेटीत बॅसमनच्या धर्तीचे सर्किट, मोठे ट्रान्सफॉर्मर आणि 12 इंची स्पीकर कोंबला. गिटारवादक कार्लोस सांतानाने तो वाजवून पाहिला आणि त्या छोट्या पेटीची कीर्ती पसरली. यातूनच मेसा बुगी उभी राहिली आणि एकामागून एक गेन स्टेज रचून प्रत्येकीला स्वतंत्र नियंत्रण देण्याची पद्धत रूढ झाली. अलेक्झांडर डंबल यांचे अँपही फेंडरच्या वळणातून निघाले. त्यांनी तर आपल्या सर्किटवर इपॉक्सीचा थर ओतून ते झाकून टाकले, ज्यामुळे नादापेक्षा गूढतेचीच चर्चा अधिक झाली असे माझे मत आहे.

लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ इन्स्ट्रुमेंट रेंटल्स या भाड्याने साहित्य देणाऱ्या कंपनीचे फेरफार केलेले मार्शल हाही एक वेगळा अध्याय आहे. सुपर ट्रेमोलो मॉडेलात थरथरीसाठी एक जादा व्हॉल्व्ह असे. ती थरथर कुणी वापरत नसल्याने तो व्हॉल्व्ह गेन स्टेजसाठी मोकळा करून घेतला गेला, आणि नवे भोक पाडण्याची गरजच उरली नाही. गन्स अँड रोझेसच्या 1987 च्या पहिल्या अल्बमसाठी त्यांचा गिटारवादक स्लॅश याने तिथूनच भाड्याने आणलेला फेरफार केलेला मार्शल वापरला होता. @जुनी चॅसी, असा बदल आपल्या पोलादाच्या कसोटीला उतरावा.

---

बंद पेटी

सगळे जण कपॅसिटरांबद्दल बोलत आहेत आणि जिथून हवा हलते त्याकडे कुणी वळत नाही, याचे आश्चर्य वाटते. क्लिपिंगमुळे तयार झालेले तीव्र, वाळूसारखे खरखरणारे हार्मोनिक्स गाळण्याचे काम मुख्यतः स्पीकर करतो. गिटारचा 12 इंची स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. तोच संदेश घरगुती संगीताच्या पूर्ण पट्ट्याच्या स्पीकरवर ऐकला तर मधमाश्यांचे मोहोळ उठल्याचा भास होतो. सेलेस्टियनचा जी12एम म्हणजे ‘ग्रीनबॅक’ 20 ते 25 वॉटचा, सुमारे 75 हर्ट्झवर अनुनादणारा स्पीकर. चार मिळून 100 वॉट होतात, म्हणजे पूर्ण उघडलेल्या 100 वॉटच्या अँपला ते कसेबसे पेलतात आणि त्या ताणात त्यांच्या कागदी शंकूचा स्वतःचा आवाज मिसळतो. 30 वॉटचा जी12एच यापेक्षा जड चुंबकाचा आहे आणि त्याचा खर्ज अधिक घट्ट ऐकू येतो. पेटी तीच ठेवून स्पीकर बदलला तर जो फरक पडतो, तो ईसीसी83 व्हॉल्व्हचे दहा नमुने बदलूनही पडत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवून दिले की आवाज कमी असताना कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. त्यामुळे रंगमंचावर भरदार वाटलेला अँप खोलीत अंग चोरतो, आणि मग लोक गेन वाढवतात, खर्ज वाढवतात, आणि दोष मात्र अँपला देतात. बोस्टन बँडचे टॉम शोल्झ यांनी 1980 च्या सुमारास बाजारात आणलेल्या पॉवर सोकसारख्या अटेन्युएटरने (अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये शक्ती जिरवणाऱ्या उपकरणाने) पॉवर विभाग रेटून आवाज कमी ठेवता येतो, पण साधा रेझिस्टर स्पीकरासारखा वागत नाही. स्पीकरचा इंपिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) अनुनादापाशी आणि वरच्या पट्टीत चढतो, आणि अँपचा निगेटिव्ह फीडबॅक जितका कमी, तितका हा चढ नादात उमटतो. शुद्ध रेझिस्टरवर तो चढ नाहीसा होतो आणि बोटांना समोरून मिळणारा प्रतिसादही मंदावतो. जुना अँप बंद खोलीत ‘मेला’ असे वाटते त्याचे निम्मे कारण कानात असते आणि उरलेले इथे.

---

विद्युतकर्मी

चर्चा रंगली आहे, पण आधी जिवाशी संबंधित गोष्ट. 100 वॉटच्या मार्शलमध्ये प्लेटवर (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेजच्या टोकावर) साधारण 450 ते 500 व्होल्ट डीसी असतात, आणि अँपची वायर भिंतीतून काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत तो भार शिल्लक राहू शकतो. पुरेशा वॉटच्या रेझिस्टरने तो निचरून मीटरने शून्य दिसल्याखेरीज आत हात घालू नये. स्पीकर किंवा योग्य लोड जोडल्याशिवाय असा अँप वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्यात उसळणारे व्होल्टेज त्याचे इन्शुलेशन फोडते. जुन्या दुपिनी अमेरिकन अँपमध्ये पुरवठ्यापासून चॅसीला जोडलेला कपॅसिटर बिघडला तर तारांना हात लावणाऱ्यालाच धक्का बसतो, म्हणून तो काढून तीन पिनांची, अर्थिंग असलेली केबल बसवणे हा एक असा फेरफार आहे ज्याला मूळपणाच्या नावाखाली विरोध करणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

त्यानंतर क्रम. फेरफाराआधी अँप निरोगी करावा. फिल्टर कपॅसिटर इलेक्ट्रोलाइट सुकल्याने क्षमता गमावतात, आणि मग गुरगुर, भुतासारखे खालचे स्वर आणि लोळागोळा झालेला खर्ज ऐकू येतो, ज्याला कित्येक जण ‘व्हिंटेज नाद’ समजतात. जुन्या अँपला बराच काळानंतर प्रथम वीज देताना साधा तंतूचा बल्ब मालिकेत ठेवावा. शॉर्ट असेल तर बल्ब प्रखर पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. मग बायस पाहावा. ईएल34 ची प्लेटवरची कमाल मर्यादा 25 वॉट आहे. तिच्या 70 टक्के म्हणजे 17.5 वॉट धरले तर 470 व्होल्टवर प्रत्येक व्हॉल्व्हमागे सुमारे 37 मिलिअँपिअर येतात. यापेक्षा फार थंड बायसवर नाद रखरखीत होतो आणि फार उष्ण केल्यास प्लेट लाल पडते. एवढे केल्यानंतर निम्म्या लोकांना फेरफाराची गरजच उरत नाही.

ज्यांना उरते त्यांनी परत फिरवता येण्याजोग्या गोष्टींपासून सुरुवात करावी. ब्राइट चॅनलच्या व्हॉल्यूमवरचा 5000 पिकोफॅरडचा कपॅसिटर काढणे किंवा बराच लहान करणे, एवढ्यानेच खालच्या पातळीवरची कर्कशता जाते. टोन विभागातला 33 किलोओहमचा रेझिस्टर 56 केला की मध्य सप्तक थोडे मागे हटते. फीडबॅकचा रेझिस्टर 47 वरून 100 किलोओहमवर नेला की पॉवर विभाग अधिक मोकळा आणि उर्मट होतो. यापैकी काहीही मूळ भाग न कापता करता येते.

भागांबद्दलच्या पूजेविषयी एकच वाक्य लिहितो: मुलार्डच्या पिवळ्या ‘मस्टर्ड’ कपॅसिटरांची कीर्ती त्यांच्या टिकाऊपणाला साजेशी आहे, परंतु तेवढ्याच मूल्याचा, तेवढ्याच व्होल्टेजचा नवा चांगला पॉलिएस्टर कपॅसिटर आंधळ्या चाचणीत कुणी ओळखून दाखवला तर मी त्याचे म्हणणे मान्य करीन.

---

जुनी चॅसी

@नादखुळा, सुपर ट्रेमोलोचा बदल पोलादाच्या कसोटीवर उत्तीर्ण होतो, हे मान्य करावेच लागेल.

@विद्युतकर्मी, पिवळ्या कपॅसिटरांचे सोडा, पण ट्रान्सफॉर्मरबद्दल तसे म्हणता येणार नाही. ड्रेक किंवा डॅग्नलचे मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि वेगळ्या गुंडाळणीचा बदली ट्रान्सफॉर्मर यांत खर्जाचा विस्तार आणि रेटल्यावरचे चेपणे मोजूनही दाखवता येते. व्हॉल्व्ह बदलता येतात, ट्रान्सफॉर्मर जळला की त्या अँपचा मोठा भाग गेला. म्हणून पहिली विनंती हीच की स्पीकरची केबल जोडली आहे ना, हे वीज देण्याआधी पाहा.

---

नवशिक्या

माझ्याकडे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातला, अमेरिकेतून आलेला 50 वॉटचा मास्टर व्हॉल्यूम मार्शल आहे. पॉवर व्हॉल्व्ह 6550 आहेत आणि मागच्या बाजूला कुणीतरी एक जादा प्रीअँप सॉकेट बसवलेले आहे. गेन अर्ध्यावर गेला की शिट्टी येते आणि जाड तारेवर खर्ज फुटतो. 6550 ही त्या कारागिराची करामत आहे काय, आणि जादा स्टेज काढून टाकावी काय?

---

विद्युतकर्मी

6550 ही कारागिराची करामत नसून अमेरिकेतल्या वितरकाची आहे. जहाजाने जाताना ईएल34 फार फुटत असल्यामुळे त्या काळात तिथे विकले जाणारे मार्शल 6550 घालून जात. तो व्हॉल्व्ह उशिरा क्लिप होतो, त्यामुळे नाद अधिक कडक आणि स्वच्छ राहतो. ईएल34 घालायचे असतील तर नुसते व्हॉल्व्ह बदलू नका. बायसच्या सर्किटचे रेझिस्टर बदलावे लागतात आणि पॉवर व्हॉल्व्हचे ग्रिड रेझिस्टर 150 किलोओहमचे असतील तर ते 220 करतात.

जादा स्टेज लगेच काढू नका. शिट्टी बहुधा मांडणीची आहे: जादा सॉकेटच्या ग्रिडकडे जाणारी तार लांब असेल किंवा आउटपुटच्या तारांजवळून जात असेल. वीज बंद आणि कपॅसिटर रिकामे असताना ती तार आखूड करा किंवा कवच असलेली वापरा, आणि ग्रिडच्या पिनेवरच 68 किलोओहमचा रेझिस्टर बसवा. फुटणारा खर्ज हा धागाकर्त्यांनी वर सांगितलेला कपॅसिटर अडकण्याचा प्रकार दिसतो. जादा स्टेजच्या पुढचा कपलिंग कपॅसिटर 0.022 असेल तर तिथे 0.0022 लावून पाहा, आणि तिच्या कॅथोडवर मोठा इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याऐवजी 0.68 लावा. एवढ्याने काम झाले नाही तर दोन स्टेजच्या मध्ये विभाजक रेझिस्टर घालून गेन निम्मा करावा लागेल.

चॅसीच्या आतला फोटो टाका. पूर्ण बोर्डाचा एक आणि जादा सॉकेटभोवतीचा जवळून एक, तारांचे रंग दिसतील असा. काहीही उपटण्याआधी फोटो काढा.